खिडकीवरचा दर

आमच्या देवबाग-तारकर्लीकडे मे महिना किंवा नाताळ आला की एक वाद हमखास पेटतो. पॅरासेलिंग, स्कुबा, डॉल्फिन दाखवायला नेणारी होडी, सगळ्यांचे दर चढतात आणि पर्यटक ‘कोकणात लुटतात’ म्हणून बोंब मारतात. मग गावातलेच काहीजण म्हणतात, सरकारने एकच दर ठरवून द्यावा. परदेशात बघा, कसे फिक्स रेट असतात! हे ऐकून मला हसूच येतं. मी अमेरिकेत डेन्व्हरला राहतो आणि हिवाळ्यात पोरांना घेऊन स्कीइंगला जातो.

व्हेलसारख्या स्कीइंगच्या बड्या ठिकाणी गर्दीच्या दिवशी थेट तिकीट खिडकीवर गेलात तर डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्टचं तिकीट माणशी ३०० डॉलरच्या वर. म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून जास्त, तेही एका दिवसाचे. बूट, स्की, खाणं वेगळं. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच लिफ्टचा दर कमी असतो, नाताळात तो आभाळाला भिडतो. फिक्स रेट कसला घेऊन बसलात!

खरी मेख पुढेच आहे. तो दर बहुतेकांनी भरावा म्हणून लावलेलाच नसतो, लोकांनी आधीच पास घ्यावा म्हणून तो धाक घालायला असतो. २००८ साली व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने ५७९ डॉलरला अख्ख्या हंगामाचा एपिक पास काढला. २०१८ मध्ये प्रतिस्पर्ध्यांचा आयकॉन पास आला. हे पास मार्च-एप्रिलमध्ये, पुढच्या हंगामासाठी, सगळ्यात स्वस्त मिळतात. मग चढत जातात आणि डिसेंबरात विक्री बंद. पुढे बर्फ पडो न पडो, कंपनीचा गल्ला आधीच भरलेला. पावसावरचा जुगार आपल्याकडे शेतकरी खेळतो, इथे तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधलाय.

इथली शहाणी माणसं खिडकीकडे फिरकतच नाहीत. दोन-तीन दिवसच जायचं असेल तर तेवढ्याच दिवसांचा पास आधी घेतात. स्की डोंगराच्या पायथ्याशी न घेता शहरातल्या दुकानातून हंगामभरासाठी भाड्याने आणतात. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी स्वस्त पास असतात, ते सोडत नाहीत. आम्ही बऱ्याचदा आयसनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या लव्हलँडला जातो, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. झगमगाट नाही, पण तिकीट बरंच कमी. डबा घरचा. थालीपीठ थंडीत वातड होतं, पण लॉजमधल्या बर्गरचा भाव पाहिला की गोड लागतं.

माझा चुलत दादा देवबागला होडी चालवतो. कर्जाच्या हप्त्याबद्दल त्याचं म्हणणं एका ओळीत: “धंदो आठ म्हयने, हप्तो बारा म्हयने.” त्याने मेमध्ये दर वाढवला तर मला त्यात लूट दिसत नाही. दर पाटीवर लिहिलेला हवा, आणि किनाऱ्यावर उतरल्यावर गिऱ्हाईक बघून बदलता कामा नये, एवढंच. सरकारी दराचा अनुभव आपल्याला आहेच. खासगी बसने एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये असा निर्णय २०१८ मध्ये झाला, तरी गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला विचारा काय मोजावं लागतं ते.

उचलायचाच असेल तर इथला आगाऊ पास उचलावा. पाच-दहा होडीवाल्यांनी मिळून पावसाळ्यातच दिवाळीनंतरच्या आडदिवसांचे स्वस्त पास विकले तर हप्त्याचा घोर कमी होईल. दादाला फोनवर हे सांगितलं तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “बावटो लागलो तर पैसे कोण परत देतलो?” बावटा म्हणजे वादळी समुद्राचा इशारा. माझं मत स्पष्ट आहे: समुद्र बंद तर पैसे परत, किंवा दुसरा दिवस, आणि तसं पासावरच छापायचं. बर्फ कमी पडला म्हणून इथली कंपनी पैसे परत करत नाही. ती त्यांची रीत देवबागला नको. दादा म्हणाला, मग आधी घेतलेले पैसे खर्च करायचे नाहीत, आणि ते जमणार कसं? त्यावर आमची बोलणी अजून अडलेली आहेत.