गिटार घ्यायचीये, पण कोणी नीट हातात देईल तर ना

डोकं फिरलंय अक्षरशः. माणूस इतक्या वर्षांनी परत इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघतो, खिशात पैसे घेऊन निघतो, उधारी मागत नाही की फुकट मागत नाही, आणि ठाण्यात काय नि वाशीत काय, दुकानात त्याला एक गिटार धड वाजवून बघता येऊ नये? भिंतीवर पंचवीस-तीस गिटारी टांगलेल्या, लाल, काळ्या, सनबर्स्ट, सगळ्या चकाचक, पिकगार्डवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि एकीचीही तार सुरात नाही. एकीचीही!

आत शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न काय, तर "काका, मुलासाठी बघताय का?" नाही रे बाबा, माझ्यासाठी. कॉलेजात वाजवायचो, गॅदरिंग गाजवलेत, मग नोकरी, लग्न, घोडबंदरचा ट्रॅफिक, गिटार विकली गेली, आता परत वाजवायचंय, यात दचकण्यासारखं काय आहे? पण त्यांच्याकडे दोनच खाने आहेत, एक म्हणजे बिगिनर आणि दुसरा म्हणजे बँडवाला. बिगिनर म्हटलं की स्टार्टर पॅक पुढे करतात, बँडवाला म्हटलं की थेट लाखाच्या गोष्टी. मधला माणूस, ज्याच्या डोक्यात सगळे कॉर्ड्स आहेत पण बोटांच्या टोकांचे घट्टे केव्हाच गेलेत, त्याला काय द्यायचं याचा विचार कोणी केलेलाच नाही.

परवाचंच सांगतो. नौपाड्याच्या बाजूला एक दुकान आहे, नाव घेत नाही. स्ट्रॅट टाइपची, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची एक खाली उतरवून घेतली. पहिली पातळ तार गंजलेली, बोट फिरवलं तर टोकाला काळं लागलं. बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी, तारा इतक्या वर की नुसत्या डोळ्याने दिसत होतं, जिथे दीड-दोन मिलिमीटर असायला हवं तिथे सहज त्याच्या दुप्पट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरली आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघितलं, तिथे केसभर फट पाहिजे, इथे चांगली जाड फट, म्हणजे नटच्या, मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा नीट कापलेल्याच नाहीत. अशा गिटारीवर एफचा बार कॉर्ड, एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा तो, धरायला पैलवान लागेल. म्हटलं हे जरा सेट करून द्या मग वाजवतो. तर तो पोरगा म्हणतो, "आधी बिल करा, सेटअपचे वेगळे लागतील, माणूस गुरुवारी येतो." अरे, न वाजवता बिल करू? चप्पल घेताना पण माणूस दोन पावलं चालून बघतो!

बरं, ॲम्पला लावून दाखवा म्हटलं तर ॲम्प काउंटरच्या मागे, त्यावर खोके रचलेले. ते हलवले, केबल लावली, केबल खरखरते. धरून ठेवली की आवाज येतो, सोडली की गायब. आणि आवाज आला तोही फुल्ल डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला, कारण त्या पोराला वाटतं इलेक्ट्रिक गिटार म्हणजे तेवढंच. क्लीन लाव म्हटलं तर सगळीकडे नुसती घूंऽऽ. "इलेक्ट्रिकला तेवढं येतंच काका." येतंच काय येतंच? तारांचा आवाज पकडणारा पिकअप इथे सिंगल कॉइल, एकाच कॉइलचा आहे, आजूबाजूच्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची घरघर तो उचलतो, नेमक्या याच त्रासावर गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 च्या सुमाराला हंबकर बनवला, दोन कॉइल एकमेकांच्या उलट जोडून, घरघर आपोआप कटते. मी राहतो जुन्या बिल्डिंगमध्ये, अर्थिंगची बोंब, मला हंबकर घ्यावा की सिंगल कॉइल हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे. तो कोणी विचारला? नाही. रंग कुठला हवा ते मात्र तिघांनी विचारलं.

आणि असे प्रश्न ढीगभर आहेत हो, जे दुकानदाराने विचारायला पाहिजेत. घट्टे गेलेल्या माणसाला तारा हलक्या लागतात, नऊ-बेचाळीसचा पातळ तारांचा सेट लावून दे, जाड दहा-सेहेचाळीस नंतर बघू. स्ट्रॅटची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या लेस पॉलची पावणेपंचवीस, तेवढ्या पाऊण इंचात तारेचा ताण कमी होतो, तार ओढून सूर चढवायचा बेंड मऊ जातो, पण मग लेस पॉल चार किलोच्या आसपास किंवा वरच, आणि ज्याची कंबर आधीच ऑफिसच्या खुर्चीत गेलीये त्याने ती तासभर खांद्यावर घ्यायची का? नेक जाड हवी की पातळ? रात्री पोरं झोपल्यावर वाजवणार म्हणजे आधी हेडफोनची सोय हवी, वन बीएचकेत वीस वॉटचा ॲम्प घेऊन करू काय? यातलं काही नाही. उलट मला फ्लॉइड रोझवाली, म्हणजे तारा कुलूपबंद करणाऱ्या हलत्या ब्रिजची, गळ्यात मारायला निघाले होते, दिसायला भारी म्हणून. घरी पहिली तार तुटली की ॲलन की शोधत बसा, एक तार बदलली की बाकीच्या पाचही हलतात, परत ट्यून करा. जो माणूस इतक्या वर्षांनी रोज अर्धा तास काढणार आहे त्याचा अर्धा तास यातच जाणार.

माझं जाऊ दे, मी भांडू तरी शकतो. शेजारी एक मुलगी उभी होती, आठवी-नववीतली असेल, बाबांबरोबर आली होती. तिला तोच स्टार्टर पॅकचा डबा दिला, गिटार, छोटा ॲम्प, बेल्ट, पिशवी, सगळं एका खोक्यात, खोकं उघडून बघितलंसुद्धा नाही. आतली गिटार भिंतीवरच्यासारखीच असणार. ती बिचारी घरी जाऊन तारा दाबणार, बोटं सोलवटणार, सूर बेसूर लागणार, आणि दिवाळीपर्यंत तिला वाटायला लागणार की आपल्यालाच जमत नाही. मी तिच्या बाबांना म्हटलं, दादा, घेण्याआधी ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली करून घ्या, तर दुकानदार माझ्याकडे असा बघतोय जसं काही मी त्याचं गिऱ्हाईक पळवतोय. संताप झाला मला. एका पोरीचं वाजवणं सुरू व्हायच्या आत बंद पडणार, आणि कशापायी, तर अर्ध्या तासाच्या कामापायी.

कारण हल्लीच्या स्वस्त गिटारी वाईट नाहीत, हे मी ठासून सांगतो. स्क्वायर, एपिफोन, यामाहाची पॅसिफिका, आमच्या वेळी या पैशात जे मिळायचं त्याच्यापेक्षा कितीतरी सरस माल आहे. लाकूड ठीक, पिकअप ठीक. राहतं काय, तर नेकच्या आतला ट्रस रॉड थोडा फिरवणं, ब्रिजवर तारा टेकतात ते सॅडल खालीवर करणं, नट घासणं, इंटोनेशन म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते बघणं, नव्या तारा. आणि आपल्याकडे तर हे करायलाच पाहिजे, कंटेनरमधून आलेला माल, वर जून ते सप्टेंबर ही खाडीकाठची हवा, लाकूड ओलावा पितं, नेक हलते, तारा गंजतात. मग दिवसभर एसी लावलेल्या शोरूममध्ये टांगलं की फ्रेटबोर्ड सुकून फ्रेटची टोकं हाताला टोचतात. हे दुकानवाल्याला माहीत नसेल तर कोणाला असणार?

मग मित्र म्हणतात ऑनलाइन घे ना, सेल लागलाय. आणि वाजवून कशी बघू, फोटोवर? रिव्ह्यू बघितले रात्री जागून, प्रत्येक जण महागड्या प्रोसेसरमधून वाजवतोय, सगळ्या गिटारी सारख्याच ऐकू येतात, साधा क्लीन जी कॉर्ड वाजवून दाखवायला कोणी तयार नाही. दुसरे म्हणतात मुंबईत धोबीतलावला जा, वाद्यांच्या दुकानांत. हो, जाईन की, पण ठाणे आणि नवी मुंबई मिळून लाखो माणसं राहतात, टॉवरवर टॉवर उभे राहतायत, आणि एक गिटार नीट हातात घ्यायला सीएसएमटी लोकलला लोंबकळत जायचं?

तीस हजार ठेवलेत बाजूला, आजही आहेत. ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत, नेरुळला, खारघरला, कुठेही असं दुकान कोणाला माहीत असेल, जिथे गिटार आधी सेट करून, सुरात लावून, न खरखरणाऱ्या केबलने क्लीन ॲम्पला जोडून पंधरा मिनिटं शांतपणे वाजवू देतात, तर सांगा. शनिवारी सकाळी शटर उघडायच्या आधी दारात उभा राहतो.