पिंपळगावला एवढी मोठी पिकअप कशाला?

आमच्या मामेभावाने डबल केबिन पिकअप घ्यायचं मनावर घेतलंय आणि घरच्या ग्रुपवर रण पेटलंय. पिंपळगाव बसवंतजवळ त्याची द्राक्षबाग आहे, पावसाळ्यात टोमॅटो असतो. डोळ्यापुढे टोयोटाची हायलक्स आहे, नाही परवडली तर इसुझूची व्ही-क्रॉस. नाशिक शहरातल्या, कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या नातलगांचं म्हणणं असं की ही अमेरिकेतून आलेली हौस आहे. तिकडे लोक दुधाची पिशवी आणायलाही ट्रक काढतात, आता द्वारका चौकात आपणही तेच बघायचं. गावाकडच्यांचं उत्तर तयारच आहे: डॉक्टरने फॉर्च्युनर घेतली की ती गरज, आणि शेतकऱ्याने हौद्याची गाडी घेतली की तो माज? साक्षीला दोन्ही बाजू मला बोलावतात, कारण मी मूळची सातपूरची असले तरी आता कोलोरॅडोत, ग्रीलीला राहते. गुरांचे प्रचंड गोठे, मक्याची शेतं आणि नजर जाईल तिकडे पिकअप, असा हा मुलूख.

माझी साक्ष कुणाच्याच कामाची नाही, हे आधीच सांगते.

अमेरिकेत पिकअपच्या दोन जाती आहेत आणि आपल्या भांडणात त्यांची सरमिसळ होते. एक ‘अर्धा टन’ म्हणतात ती. नाव जुनं, आज ती अर्ध्या टनाहून बरंच जास्त वाहते. फोर्डची एफ-१५० यातली. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक आहे, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या ऑफिस, शाळा, मॉल एवढंच फिरतात. यांच्याबद्दल कॉलेज रोडवाले जे बोलतात त्याला माझी फारशी हरकत नाही. दुसरी जात हेवी ड्यूटी: एफ-२५०, एफ-३५०, रॅमची २५०० आणि ३५००, शेव्हरोलेची सिल्व्हराडो एचडी. मालासकट एकूण वजनाची मर्यादा साडेआठ हजार पौंडांच्या वर, म्हणजे चार टनांच्या आसपास सुरू होऊन सव्वासहा टनांपर्यंत. ही गाडी रिकामी चालवून बघा. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, ओझ्यासाठी बांधलेले, त्यामुळे हौदा मोकळा असला की प्रत्येक खड्ड्यात माणूस सीटवरून उडतो. घराच्या गॅरेजात धड मावत नाही. डिझेल इंजिन हवं तर त्याचेच साधारण दहा हजार डॉलर जादा. आणि नाशिकमध्ये कुठल्याही गाडीला विचारला जाणारा पहिला प्रश्न, ‘अ‍ॅव्हरेज काय देते?’, त्याचं उत्तर शोरूममध्ये लावायचं बंधनच नाही. साडेआठ हजार पौंडांवरच्या गाड्यांना मायलेजचं सरकारी लेबल लागत नाही.

मग घेतं कोण? माझ्या शेजारणीचं उदाहरण देते, कारण तिच्यामुळे मला या गाडीचं गणित कळलं. तिच्याकडे घोडे आहेत. एक घोडा साधारण पाचशे किलोचा. चार घोडे म्हणजे दोन टन, ट्रेलर स्वतः अडीच टनांचा, वर चारा, पाणी, खोगिरं. पाच टन सहज होतात. ओढायला हे फार वाटत नाही, जाहिराती तर याच्या कितीतरी पुढचे आकडे सांगतात. २०२३ च्या फोर्ड सुपर ड्यूटीची कमाल ओढ ४०,००० पौंड, म्हणजे अठरा टन आहे. पण खरी मेख ओढण्यात नाही, टेकण्यात आहे. अशा ट्रेलरची मान हौद्यातल्या, मागच्या आक्साच्या (एक्सलच्या) बरोबर वर बसवलेल्या जोडणीच्या गोळ्यावर टेकते आणि ट्रेलरच्या वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा गाडीच्या पाठीवर येतो. पाच टनांचे एक ते सव्वा टन. त्यात आत बसलेली चार माणसं मिळवा. अर्ध्या टनवालीची सोय सातशे-नऊशे किलोची. म्हणजे ओढायची ताकद शिल्लक असते आणि पाठ आधीच संपलेली असते. किती वजन टाकायचं हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. शेजारीण घोडे विकत घेण्याआधी ते स्टिकर वाचते. मला ते पाहून आधी हसू आलं होतं, मग आलं नाही.

दुसरं कारण घाट. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० हमरस्ता अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून जातो आणि दोन्हीकडे सात टक्क्यांपर्यंत उतार आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे चढ करून ठेवलेत. कसारा उतरताना ब्रेकच्या लायनिंगचा जळका वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. चढताना विरळ हवेत साधं इंजिन दमतं, टर्बो डिझेल फारसं दमत नाही. पण गाडी घेणारे चढाईपेक्षा उतरणीबद्दल बोलतात. डिझेल हेवी ड्यूटीत एक्झॉस्ट ब्रेक असतो. धूर बाहेर जायची वाट आवळून इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि चाकांचे ब्रेक गार राहतात. मागे पाच टन आणि त्यात जिवंत जनावरं असली की त्या दहा हजार डॉलरचा हिशेब वेगळा दिसतो.

तरी मुख्य कारण हे नाही. वर्षातून तीसेक वेळा लागणारी गाडी माणूस रोजची म्हणून का घेतो? कारण इथे हाक मारायला कुणी नाही. पिंपळगावला रात्री दहाला फोन केला तर पहाटे पाचला पिकअप बांधावर उभी असते. गाडी येते, गाडीवाला येतो, जाळ्या भरायला दोन हात लावतो, लिलावात नंबर लावून थांबतो, आणि भाडं पट्टी झाल्यावर घेतो. ग्रीलीत ही व्यवस्थाच नाही. भाड्याच्या गाड्यांच्या करारात बहुधा ट्रेलर ओढायला मनाई असते, आणि माणसासकट गाडी बोलवायची तर मजुरीनेच जीव जातो. म्हणून प्रत्येक जण आपल्यापुरता वाहतूकदार होतो. अमेरिकन माणसाचं स्वातंत्र्यप्रेम वगैरे जे सांगितलं जातं त्यात मला निम्मा तरी भाग या एकटेपणाचा दिसतो. आपल्याला पिकअप लागते तेव्हा आपण माणूस शोधतो. ते शोरूम शोधतात.

सरकारनेही या शोरूमची वाट सोपी करून ठेवलीय. १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीशी कोंबड्यांच्या व्यापारावरून भांडण झालं आणि अमेरिकेने आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर लावला. कोंबड्या विसरल्या गेल्या, कर राहिला. लहान, काटकसरी परदेशी पिकअपना दार पुढे जवळजवळ बंदच झालं. (आमच्या सातपूरच्या अभिमानाने, महिंद्राने, २०१० च्या आसपास डिझेल पिकअप इथे आणायचा घाट घातला होता, वितरकाशी वाद होऊन तो बारगळला.) गंमत म्हणजे कॉलेज रोडवाल्यांना जी ‘अमेरिकन’ वाटते ती हायलक्स अमेरिकेत मिळतच नाही. शिवाय सहा हजार पौंडांवरची गाडी धंद्यासाठी दाखवली की घसाऱ्याची मोठी सवलत मिळते, त्यामुळे डिसेंबरात सीए लोकांचा सल्ला आणि ट्रकची विक्री हातात हात घालून चालतात. परवाना म्हणाल तर गाडी आणि ट्रेलर मिळून २६,००० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास बारा टनांपर्यंत, साधा कारचा परवाना चालतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येईल म्हटलं तेव्हा केवढी चर्चा झाली. इथे बारा टनांना कुणी भुवईही उंचावत नाही.

आता हौस. ती आहे, भरपूर आहे. क्रोम, वर उचललेली चाकं, कधीच गोळा न लागलेला हौदा, हे ग्रीलीतही दिसतं आणि शेजारीण त्यांच्यावर आपल्या कॉलेज रोडवाल्यांपेक्षा जहरी बोलते. या हौसेची किंमत रस्त्यावरचा दुसराच माणूस देतो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिलं की ज्या गाड्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांच्या वर आहे, त्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा जीव जाण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या कारपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. चाळीस इंच म्हणजे मीटरभर. पहिलीतलं पोर त्याच्यामागे जेमतेम दिसतं. गरजेने घेतलेल्या हेवी ड्यूटीचं बॉनेटही तेवढंच उंच असतं, ही गोष्ट शेजारणीलाही आवडत नाही.

इतकं सगळं ऐकल्यावर ग्रुपवरून एकच आलं: ‘मग आपल्याकडे नकोच.’ इतकं सोपं नाही. नाशिकच्या वादात सगळं बोलणं गाडीच्या आकाराबद्दल चालतं. रस्ते अरुंद, पार्किंग नाही. २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको म्हणाले तेव्हा तर शहरातला प्रत्येक जण एकदम नगररचनाकार झाला. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते खणलेत, त्यामुळे तिखटपणाही वाढलाय. माझा रोख आकारावर नाही, ओझ्यावर आहे. अमेरिकन माणूस ओझ्यापेक्षा मोठी गाडी घेतो. आपण गाडीपेक्षा मोठं ओझं घेतो.

दीड-दोन टनांच्या पिकअपमध्ये अडीच-तीन टन कांदा भरायचा, हे निफाड तालुक्यात कुणाला गुन्हा वाटत नाही. गाडी नवी आली की पहिलं काम पाटेवाल्याकडे नेऊन जादा पाटे टाकून घ्यायचं. पाटे वाढतात, आक्स, ब्रेक आणि टायर तेच राहतात. आणि हाच हौदा माणसंही वाहतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी, मधे विरळणी. सुरगाणा, पेठकडून येणारी मजूर मंडळी, बाया, कडेवरची पोरं, उभ्याने पिकअपमध्ये कोंबून घाट उतरतात. मालवाहू गाडीतून माणसं न्यायला कायद्याने बंदी आहे, हे आरटीओला ठाऊक, पोलिसांना ठाऊक, बागायतदाराला ठाऊक. आमच्या मामांच्या बागेतही मजूर असेच येतात. त्यावर ग्रुपवर एकदाही भांडण झालेलं नाही. पार्किंगवर रोज होतं.

मला सगळ्यात खटकते ती याच्या पुढची गोष्ट. पिंपळगाव काय, लासलगाव काय, कांद्याची प्रत्येक गाडी भुईकाट्यावर चढते. भरलेली एकदा, रिकामी एकदा. वजाबाकी करून मालाचे पैसे होतात. म्हणजे परवानगीपेक्षा जास्त भरलेल्या प्रत्येक गाडीचा कागदोपत्री पुरावा दर लिलावाला तयार होतो, तारीख, वेळ, गाडी नंबरसकट. तो फक्त पैशासाठी वाचला जातो. इथे अमेरिकेत हौशी लोक सुट्टीला निघताना हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्यावर चार पैसे भरून आपणहून काट्यावर गाडी चढवतात, आक्सागणिक वजन घेतात आणि स्टिकरशी ताडून पाहतात. त्यांच्याकडून घेण्यासारखं काही असेल तर ती ही सवय आहे. त्यांची गाडी नव्हे.

मामेभावाबद्दल. डबल केबिनचा हौदा आखूड, आणि पाच माणसं बसल्यावर जे वजन उरतं त्यात टोमॅटोच्या पन्नास जाळ्याही बसत नाहीत. वीस किलोची एक, म्हणजे पन्नासचा एक टन होतो. त्याचा तोडा शंभर जाळ्यांचा असतो. तेव्हा हायलक्स आली तरी पहाटे पाचला फोन त्याच गाडीवाल्याला जाणार. म्हणजे ती शेतीची गाडी नाही, घरची गाडी आहे, आणि घरची म्हणून घ्यायला माझी काही हरकत नाही. द्राक्षाला भाव मिळालेल्या वर्षी माणसाने आवडीची गाडी का घेऊ नये? फक्त शेतकऱ्याची गरज म्हणून ती ग्रुपवर विकू नये. सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, मोठ्या खासगी गाड्यांवर ४० टक्के आहे. सवलत कशाला आणि चैन कशाला, हे सरकारने एकदा तरी नीट वेगळं केलंय. त्याला खरोखर शेतासाठी पैसे घालायचे असतील तर दोन टनांची मालवाहू पिकअप घ्यावी, जादा पाटे न टाकता चालवावी, आणि मजुरांसाठी बाकांची, छपराची, परवाना असलेली गाडी ठरवावी. भाडं जास्त पडेल. एका छाटणीत किती जास्त, हे त्याने मला आकडे लावून सांगावं, मग भांडू.

बाजार समितीच्या पावतीवर दोन वजनं छापलेली असतात. तिसरं, आरसी बुकातलं परवानगीचं, त्याच कागदावर छापायला खर्च जवळजवळ नाही. गाडीचा नंबर तर आधीच टाकलेला असतो. शेतकऱ्याला ते नको असेल, व्यापाऱ्याला नको असेल आणि गाडीवाल्याला तर नकोच असेल, कारण एका फेरीच्या दोन फेऱ्या होतील. म्हणून ते समितीच्या मर्जीवर न सोडता आरटीओने सक्तीचं करावं, आणि सुरुवात पिंपळगावच्या काट्यापासून करावी.