प्राचार्य आंबेडकर आणि धुळे

बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, त्या काळावरचा तुमचा हा लेख मनापासून आवडला. १९३५ ते १९३८ या काळावर एवढं सविस्तर सहसा कुणी लिहीत नाही. एक भर घालतो. १९३७ साली, म्हणजे प्राचार्यपदावर असतानाच, ते एका खटल्यासाठी धुळ्याच्या कोर्टात आले होते. मुक्काम धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर. त्या भेटीच्या आठवणीत आजही ३१ जुलैला तिथे अख्ख्या खान्देशातून माणसं येतात.

कायदेशिक्षणाच्या सुधारणेवरचा त्यांचा १९३६ चा निबंध मात्र तुम्ही एका ओळीत उरकलात, ते खटकलं. नुसता कायदा शिकून वकील घडत नाही, जोडीला इतर विषय हवेतच, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं. धुळ्यात वकिली करताना हे रोज दिसतं. नव्या ज्युनिअरला कलमं पाठ असतात. पण शेतकऱ्याने सातबारा पुढे ठेवला, की इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय आणि ते कोणत्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने आलं, हे त्याला उलगडत नाही. जमिनीच्या वाटपाचा दावा तिथेच अडतो.

त्या निबंधावर स्वतंत्र लेख लिहाच. आमच्या बार रूममध्ये मी तो सगळ्यांना वाचून दाखवीन.