पिशवी कुठे ठेवू?

जपानात कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाता येत नाही. क्योतोत राहायचं तर हातात वागाशी हवी, म्हणजे तिथली पारंपरिक मिठाई. मिठाईबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती दुकानाच्या अंतर्गत सजावटीबद्दल. ज्याने ती केली त्याने फुलदाणी कुठे, चित्र कुठे, सावली कुठे पडावी, सगळ्याचा विचार केलेला असतो. गिऱ्हाईक कुठे असावं, एवढंच राहून गेलेलं असतं.

छळ दारापासून सुरू होतो. दारावर नोरेन नावाचा कापडी पडदा असतो. तो टांगलेला असला की दुकान उघडं. पण जुन्या जपानी दाराची चौकट साधारण पावणेसहा फुटांवर येते आणि मी त्याहून दोन बोटं उंच आहे. पडदा नेमका चौकट झाकतो, त्यामुळे कपाळाला आधी मऊ लागतं आणि मग कडक. गंमत म्हणजे वाकून आत शिरल्यामुळे सगळ्यांना वाटतं, हा परदेशी माणूस फार अदबशीर आहे.

आत अंधार. क्योतोची जुनी घरं रस्त्याकडून अरुंद आणि मागे लांबच लांब. मध्ये वीतभर अंगण, त्यात शेवाळ आणि एक दगड, आणि तिथून येणारा उजेड शोजीच्या, म्हणजे कागद लावलेल्या सरकत्या दाराच्या, कागदातून गाळून घेतलेला. त्या उजेडात फुलदाणीतलं एकुलतं एक फूल फार सुंदर दिसतं. मी, माझी सॅक आणि ठिबकणारी छत्री मात्र तिघंही सारखेच नकोसे दिसतो.

आणि माल? हातभर रुंद लाकडी फळीवर चार-पाच नेरिकिरी. पांढऱ्या घेवड्याच्या गोड पुरणाला रंग देऊन घडवलेली फुलं-पानं, एकेक लिंबाएवढी. तीही पुष्कळदा नुसती नमुन्याची. खरी आतल्या खोलीतून येतात. पेढ्यांची चळत, बर्फीचा बुरूज, ‘चव बघू का’ म्हणून पुढे केलेला हात, यातलं काहीच नाही. मोजून घ्यायचं आणि हळू बोलायचं.

ही रिकामी जागा फुकट येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोराया हे मिठाईचं सुमारे पाचशे वर्षांचं घराणं. त्यांचं तोक्योतलं आकासाकाचं दुकान वास्तुकार नाइतो हिरोशी यांनी नव्याने बांधलं, २०१८ साली ते उघडलं. आत हिनोकी लाकूड आणि काळा गिलावा. जिथे आजूबाजूला मनोरे उभे आहेत, तिथे जमिनीवर तीनच मजले! आपल्याकडच्या कुठल्याही बिल्डरला ही गोष्ट सांगून बघा. तो आधी पाणी मागेल.

हे सगळं मी आत्याला समजावून क्योतोतल्या दुकानात नेलं, तो ३० जूनचा दिवस होता. बाहेर पाऊस. आत्या कराडची; उंचीने बेताची असल्यामुळे चौकट तिला काही करू शकली नाही. आत शिरून तिने फळीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, “अरे, माल अजून लागला नाही का?”

“हळू बोल आत्या. माल एवढाच असतो.”

“आणि पिशवी कुठे ठेवू?”

मी उत्तर देईपर्यंत पिशवी तोकोनोमात गेली होती. तोकोनोमा म्हणजे भिंतीतला थोडासा उंच कोनाडा. तिथे एक चित्र लटकतं, एक फूल असतं आणि घरचा माणूससुद्धा पाय ठेवत नाही. आता तिथे चित्राखाली ‘शुभमंगल साडी सेंटर’ लिहिलेली ओली पिशवी होती. मी झेप घेतली, पण तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, चढायला बूट काढावे लागतात आणि माझ्या बुटांना नाड्या होत्या. तोवर आत्या अंगणाच्या कडेला पोचून दगडी कुंडात हात धूत होती.

माझ्या पोटात गोळा आला. पण दुकानाच्या बाई किमोनो सावरत पुढे आल्या आणि आत्याला वाकून नमस्कार करू लागल्या. चहाच्या समारंभाआधी त्या कुंडात हात धुवायचे, हाच मूळ रिवाज. इतकी वर्षं मी त्याला शोभेची वस्तू समजून फोटो काढत होतो.

मग दोघींची गट्टी जमली. भिंतीवर चेरीच्या लाकडाचे जुने कोरीव साचे लावले होते. आत्याने बोटाने खाचा चाचपल्या, खुणेने मोदक करून दाखवला. बाईंनी एक त्रिकोणी, पांढरी, वर अझुकीचे, म्हणजे चवळीसारख्या लाल कडधान्याचे, दाणे लावलेली मिठाई पुढे आणली. ही मिनाझुकी. वर्षाचा पहिला अर्धा सरला म्हणून क्योतोत ३० जूनला ती खातात.

“ही निदान वडीसारखी दिसते,” आत्या म्हणाली आणि बाकावर बसली.

बाईंनी नम्रपणे विचारलं, इथे खाणार की नेणार? जपानात २०१९ पासून हा प्रश्न पैशांचा आहे: नेलं तर ८ टक्के कर, तिथेच बसून खाल्लं तर १०.

“म्हणजे बसायचं भाडं दोन टक्के?” आत्या ताडकन उठली. गुडघ्यांची तक्रार कराडला राहिली असावी. “घे बांधून.”

बांधणं म्हणजे डबा, डब्यावर कागद, कागदावर दोरी, दोरीची गाठ. तेवढ्या वेळात मी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या. बाई मिठाईची पिशवी घेऊन आमच्यासोबत दारापर्यंत आल्या, ती दोन्ही हातांनी आत्याला दिली आणि कमरेत वाकल्या. गिऱ्हाईक कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाकून राहायचं, अशी तिथली पद्धत.

आत्याने वळचणीला थांबून दोरी तोडली, कागद फाडला आणि डबा उघडला.

“आत्या, चल ना.”

“चालता चालता खाऊ नये.”

बाई वाकलेल्या. आत्या खातेय. पाऊस चालू. मी आत्याच्या कोपराला हळूच ढकलतोय. आत्याने दुसरी वडी उचलली आणि बाईंकडे निरखून पाहिलं.

“अरे, या बिचारीची कंबर धरलेली दिसते. हिला एक देऊ का, विचार.”