भांडखोर मासा आणि ‘अजून चार मासे सोडा’ हा सल्ला

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. डॉमिनो किंवा निळा डॅमसेल (दोघेही डॅमसेल कुळातले समुद्री मासे) इतरांना मारत असेल, तर टाकीत आणखी चार मासे सोडावेत म्हणजे मार वाटला जातो. भांडखोराला पोटभर खायला घालावे. आणि आठवडाभरात सारे एकमेकांना रुळतात, असा त्याचा आशय आहे. शंभर लिटरच्या आसपासच्या टाकीसाठी तो चुकीचा आहे आणि त्यापायी मासे हकनाक मरतात.

पहिला मुद्दा गर्दीचा. ही युक्ती मुळात आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांसाठी वापरतात आणि तिथे ती बऱ्यापैकी चालतेही. मात्र त्या टाक्या मोठ्या, गोड्या पाण्याच्या आणि दणकट फिल्टर लावलेल्या असतात. समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू विरघळतो, आणि त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) 8.1 ते 8.4 असल्यामुळे माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या अमोनियाचा विषारी अंशही बराच राहतो. पावसाळ्यात खानापूरकडे वीज गेली आणि पंप थांबला, की अशा गर्दीच्या टाकीत मासे गुदमरायला वेळ लागत नाही. त्यातच डॅमसेल हा जागेवर हक्क सांगणारा मासा आहे. प्रवाळ खडकावरचा आपला तुकडा राखताना तो स्वतःपेक्षा मोठ्या माशालाही हुसकावतो. दोन फुटी टाकीत तर सगळी टाकीच त्याचा इलाका ठरते आणि नवा येणारा प्रत्येक मासा घुसखोर. पिटाळला गेलेला मासा चटकन ओळखू येतो: तो फिल्टरच्या नळीमागे वरच्या कोपऱ्यात अंग चोरून राहतो, त्याच्या शेपटीच्या कडा फाटलेल्या असतात, रंग उतरलेला असतो, आणि खाणे तोंडासमोरून गेले तरी तो पुढे येत नाही.

भुकेचा मुद्दा थोडक्यात निकालात काढता येतो. पोट भरले म्हणून इलाख्याचा हक्क सुटत नाही, उलट उरलेले खाणे कुजून अमोनिया वाढतो. टाकीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी थोडे थोडे खाणे टाकले, तर भित्र्या माशाला चार घास मिळतात, एवढाच त्याचा उपयोग.

रुळण्याची आशा सर्वांत घातक आहे, कारण तिच्या भरवशावर माणूस वाट पाहत बसतो. दुकानात दीड इंचाचा दिसणारा डॉमिनो पुढे सुमारे 14 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वयाबरोबर त्याचा आडदांडपणाही वाढत जातो.

खरा उपाय भांडखोरालाच हलवण्याचा आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीचे तोंड कापून उलटे बसवावे, आत खाणे ठेवावे आणि मासा आत शिरला की बाटली उचलावी. जाळी घेऊन खडकांमागे धावल्याने सगळीच टाकी बिथरते. त्याला टाकीतच छिद्रांच्या पेटीत काही दिवस ठेवून खडकांची मांडणी बदलली, तर जुना इलाका मोडतो आणि कधीकधी तेवढ्याने भागते. न भागल्यास तो दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला तरी द्यावा. नव्याने टाकी लावणाऱ्यांनी भित्रे मासे आधी आणि दांडगे सर्वांत शेवटी सोडावेत, आणि टाकी ‘तयार’ करण्यासाठी, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात वाढवण्यासाठी, स्वस्तातला डॅमसेल मुळीच घेऊ नये. ते काम माशाशिवाय, चार ते सहा आठवडे धीर धरून, उत्तम होते.