मोत्या, मी आणि ती जाहिरात

जेवणं उरकून टीव्हीसमोर बसलो होतो. बाहेर पाऊस. साताऱ्यात असा पाऊस लागला की अजिंक्यतारा चार-चार दिवस दिसत नाही आणि माणूस उगाच हळवा होतो. नेमकी तेव्हाच ती जाहिरात लागली. पियानो, ओली खिडकी, दाराशी वाट बघणारं सोनेरी कुत्रं. मालक उशिरा येतो, कुत्रं झेपावतं, मालकाचे डोळे भरतात. मग एक घोगरा आवाज विचारतो, "तो तुम्हाला सगळं देतो. तुम्ही त्याला काय देता?"

मी मोत्याकडे पाहिलं. आम्ही त्याला शिळी भाकरी देतो.

दुसऱ्या दिवशी पोवई नाक्यावरून जाहिरातीतल्या त्या कुत्र्याच्या खाण्याची तीन किलोची पिशवी आणली. घरात किंमत निम्मीच सांगितली. आत गाजरासारखे तांबडे आणि वाटाण्यासारखे हिरवे दाणे. आता कुत्र्याला निळं-पिवळं कळतं, तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही. म्हणजे ते गाजर माझ्यासाठी होतं! पियानोसुद्धा माझ्यासाठीच, मोत्या तेव्हा पायपुसण्यावर घोरत होता.

कॅमेरा थांबतो तो भुवया उचलून बघणाऱ्या डोळ्यांवर. आतली भुवई उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक असतो, लांडग्यांत जवळपास नसतोच, असं संशोधकांनी २०१९ साली दाखवलं. माणसाच्या संगतीत कमावलेली विद्या म्हणायची. आमच्या गावठी मोत्याला ती पुरती अवगत आहे. आई भाकऱ्या थापायला लागली की हा उंबऱ्यावर भुवया उचलून बसतो. पियानो नाही, पाऊस नाही, तरी पहिला पापुद्रा ह्यालाच.

ताटलीत दाणे ओतले. मोत्यानं हुंगले, एक तोंडात धरून अंगणात नेऊन ठेवला आणि परत येऊन माझ्याकडे पाहिलं. भुवया वर.

"आरं, खडं कशाला घालतोस त्याला?" म्हणत आईनं वर दूध-भाकरी कुस्करली. पाच मिनिटांत भाकरी गायब. दाणे मात्र एकूण एक चाटूनपुसून लख्ख, ताटलीतच.

रात्री जाहिरात पुन्हा लागली. मी रिमोट शोधेपर्यंत आईनं पदर डोळ्यांना लावला होता.

"बिचारं उपाशी बसलंय रं दाराशी," ती म्हणाली. "एवढा मोठा बंगला, पण चतकोर भाकरी टाकंना कुणी."