‘तलाव तीन महिने बंद कशाला?’ या अभिप्रायाला व्यवस्थापनाचं उत्तर

नमस्कार. दोन तारे देताना आपण चार तक्रारी मांडल्या आहेत: टाइल बदलायला आठ दिवस पुरतात, मग 12 आठवडे कशाला, पैसा पंप आणि पाइपांवर चाललाय, कपडे बदलायच्या खोल्या तशाच, क्लोरीन जास्त पडतं म्हणून डोळे लाल होतात, आणि फिल्टर बदलण्यापेक्षा पाणी बदला. एक तक्रार आम्हाला पूर्ण मान्य आहे, तिच्याकडे पुढे येतो.

टाइल हे या कामाचं कारण नाही, गळती आहे. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून, आत-बाहेर पातळी सारखी करून 24 तासांनी मोजलं. उन्हाने उडणारं पाणी दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे जो फरक उरतो ती गळती. पंप बंद असताना तलाव बादलीपेक्षा 2 मिमी जास्त उतरला, पंप चालू असताना 8 मिमी. 25 बाय 12.5 मीटरच्या तलावात 1 मिमी म्हणजे साधारण 312 लिटर, म्हणजे दिवसाला 2500 लिटर जमिनीत. पंप चालू केल्यावर गळती वाढते याचा अर्थ दोष मुख्यतः फिल्टरकडून तलावात परत येणाऱ्या, दाबाच्या पाइपात आहे, आणि तो पाइप काठाच्या फरशीखाली आहे. आधी टाइल लावून नंतर पाइप शोधायचा म्हणजे तीच फरशी दोनदा फोडायची.

आता 12 आठवड्यांचा हिशेब. रिकामा करणं आणि तोडफोड 2, पाइप 3 (बुजवण्याआधी चालू दाबाच्या दीडपट दाबाने तपासणी), प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग 2, पाणी भरून चाचणी 1, टाइल 3, इपॉक्सी ग्राउट (टाइलांमधल्या फटींत भरायचा मसाला) पक्कं व्हायला 1. पाण्याची चाचणी टाइलच्या आधीच हवी. टाइल लागल्यावर गळती दिसली तर ती नेमकी कुठून, हे सांगणं जवळपास अशक्य. घाईत भरलेल्या तलावात टाइलमागे ओल अडकते, आणि काही महिन्यांनी ठोकल्यावर टाइल पोकळ वाजायला लागते. रिकामं करतानाही घाई चालत नाही. जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते, तडकते. म्हणून शेजारच्या खड्ड्यातली पातळी पाहूनच तारीख ठरवली आहे.

डोळ्यांबद्दल. तो उग्र वास जास्त क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, वास त्यांचा, आणि डोळ्यांची चुरचुर मुख्यतः त्यांचीच. सगळं पाणी बदललं, म्हणजे 4 लाख 69 हजार लिटर, तर काही दिवस बरं वाटेल. पण माणसं तीच, फिल्टर तेच, वास परत येणार. त्यापेक्षा रोज प्रत्येक पोहणाऱ्यामागे 30 लिटर ताजं पाणी घालणं जास्त उपयोगी, आणि तसं वेळापत्रकात घेतलं आहे.

फिल्टर का, तेही सांगतो. सध्या 1.2 मीटर व्यासाचे दोन वाळूचे फिल्टर आहेत, मिळून क्षेत्रफळ 2.26 चौरस मीटर. ताशी 30 मीटर वेगाने त्यांतून 68 घनमीटर पाणी जातं, म्हणजे पूर्ण तलाव एकदा गाळायला सुमारे 7 तास. पंप मोठा लावून वेग वाढवला तर मळ वाळूतून आरपार जातो, पाणी गढूळच राहतं. (हा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला.) नवे तीन फिल्टर 1.4 मीटरचे असतील. ताशी 25 मीटर वेगानेही हेच काम साधारण 4 तासांत होईल. तळाला एकच जाळी होती, तिथे दोन बसतील, एकमेकींपासून मीटरभरापेक्षा लांब. एक झाकली गेली तरी दुसरीतून पाणी जातं, कुणी ओढलं जाण्याचा धोका टळतो.

कपडे बदलायच्या खोल्यांबाबत आपण बरोबर आहात. शॉवर दुसऱ्या टप्प्यात ठेवणं ही आमची चूक होती. अंघोळ न करता माणसं तलावात उतरली तर नव्या फिल्टरवरही तोच भार पडणार. आता शॉवर, गटाराच्या जाळ्या आणि मीटरला 15 ते 20 मिमी उताराची खडबडीत फरशी पहिल्याच टप्प्यात होईल. लॉकर मात्र नंतरच. हवा खेचणारे पंखे बसण्याआधी नवे लॉकर ठेवले तर दमट, क्लोरीनच्या हवेत बिजागऱ्या वर्षभरात गंजतात.

फाटकावर नुसतं ‘दुरुस्तीसाठी बंद’ लिहिलं होतं, तेही अपुरं होतं. वरचं वेळापत्रक आणि खोल्यांचा आराखडा आता तिथे लावला आहे. तलाव बंद असेल तितके दिवस सर्व पासांची मुदत पुढे जाईल, त्यासाठी अर्ज नको. लॉकरची ऑर्डर अजून दिलेली नाही. आकार, संख्या किंवा बाकांची जागा याबद्दल काही सुचवायचं असेल तर पाण्याची चाचणी सुरू होईपर्यंत काउंटरवर लिहून द्या.